डोडो विंगचा ठराव

आमच्या इमारतीचं नाव डोडो आहे हे मी ऑफिसात चार वर्षं कुणाला कळू दिलं नाही. पत्ता लिहायची वेळ आली की फ्लॅट नंबर लिहायची, कॉम्प्लेक्सचं नाव लिहायची, पालेगाव, अंबरनाथ पूर्व हेही लिहायची आणि मधली एक ओळ खाऊन टाकायची. त्यामुळे कुरिअरवाले सातही इमारती फिरून यायचे आणि फोनवर माझा उद्धार करायचे. तो मी निमूटपणे ऐकून घ्यायची.

नाव कसं पडलं ते बिल्डरच्या पुतण्यानं मला चावी देताना स्वतःहून सांगितलं, आणि तेही अभिमानानं. हे कुटुंब पालेगावातलंच. जिथे त्यांचा भात पिकायचा तिथे आता आमची पार्किंग आहे. इमारतींना ए, बी, सी म्हणणं स्वस्तातल्या लोकांचं लक्षण असतं, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून पक्ष्यांची नावं ठरली. आता त्या घरात थोरल्या आत्याच्या होकाराशिवाय कोंबडीसुद्धा अंडं घालत नाही, तेव्हा पक्ष्यांची यादी आत्यापुढे गेली.

आत्यानं पक्षी तपासायला घेतले. "कावला नको, पितरांचा हाय. घुबाड त नकोच. गिधाडाचा नाव सकाली सकाली कशाला काढतंस रं?" चिमणी फार बारीक, टू बीएचकेला शोभायची नाही. पोपट ठेवला तर फ्लॅट घेणाऱ्यांचा पोपट झाला असं लोक म्हणतील, हे मात्र पुतण्याच्याच लक्षात आलं. कबुतराला आत्यानं उभंही केलं नाही. "घान करतं, आनि घरान घुसतं." अशा कडक परीक्षेतून मयूर, हंस, कोकिळा, सारस, गरुड आणि चातक पास झाले. चातक इमारतीला पुढे वर्षभर टँकर लागला, पण त्याचा दोष आत्याला देता येणार नाही.

सातवं नाव काही सापडेना. माहितीपत्रक छापायचं काम उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या एका छापखान्यात होतं. मालक म्हणाला, "साईं, ये वाला रख लो. फॉरेन का है, फोटो भी फुल साइज पडा है मेरे पास." आत्याला फोटो दाखवला. गुबगुबीत अंग, जाड चोच, शेपटीच्या जागी कुरळ्या पिसांचा गुच्छ. आत्या म्हणाली, खात्यापित्या घरचं पाखरू दिसतं. त्या पक्ष्याविषयी घरात कुणी वाईट ऐकलेलं नव्हतं, कारण त्याच्याविषयी कुणी काहीच ऐकलेलं नव्हतं. झालं. कबूतर नापास झालं आणि डोडो पास झाला. डोडो हे मुळात कबूतरच, हे त्या घरात आजही कुणाला माहीत नसावं. मलाही तेव्हा नव्हतं.

करारनाम्यावर डोडो आलं, मग वीजबिलावर आलं, गॅसच्या पुस्तकावर, आधार कार्डावर, सगळीकडे ते पाखरू जाऊन बसलं. पहिली दोन वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. मग चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलीला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या मामांनी कांदेपोहे खाता खाता मोबाइल काढला आणि इमारतीच्या नावाचा अर्थ मोठ्यानं वाचून दाखवला: पृथ्वीवरून नामशेष झालेला, मूर्खपणाबद्दल प्रसिद्ध असलेला पक्षी. ठरत आलेलं लग्न मोडलं. ते मुलाच्या आधीच्या भानगडीमुळे मोडलं असं नंतर कळलं, पण तोवर पक्ष्याचा गुन्हा सिद्ध झालेला होता. त्यानंतर लिफ्ट अडकली की डोडो, टेरेस गळला की डोडो, कुणाच्या मुलाला बारावीत कमी पडले की डोडो. अभ्यासाचा विषय मात्र कुणी काढला नाही.

सोसायटीचे चेअरमन कॅम्प एकमध्ये रेडिमेड कपड्यांचं दुकान चालवतात. दिवसभर सिंधी गिऱ्हाइकांशी आणि व्यापाऱ्यांशी बोलून त्यांचं मराठी कुठे संपतं हे त्यांनाच कळत नाही. मला म्हणाले, "मॅडम, नाम में ही लोचा आहे. रीसेलला मार खातोय आपण. फ्लेमिंगो ठेवू. गुलाबी आहे, हायफाय आहे, आणि मेन बात, जिंदा आहे." मी सोसायटीची सेक्रेटरी. माझ्या अंगी काही विशेष गुण आहेत म्हणून नव्हे, मला शुद्ध मराठीत पत्र लिहिता येतं म्हणून. मी त्या आठवड्यातच ठरावाचा मसुदा लिहून टाकला. 'विंगच्या नावामुळे रहिवाशांच्या सामाजिक प्रतिष्ठेस बाधा पोहोचत असल्याने' असं त्यात झोकात वाक्य होतं. चेअरमननी ते दोनदा वाचून घेतलं.

आता सामाजिक प्रतिष्ठेचं थोडं सांगायला हवं, कारण त्या विषयात मी तज्ज्ञ आहे.

फ्लॅट माझ्या वडिलांच्या नावावर आहे. ते अंबरनाथच्या एका कंपनीत टूलरूममध्ये फिटर होते. आई गेल्यावर अंबरनाथ पश्चिमेची चाळीतली खोली विकली आणि आम्ही दोघं इथे आलो. मी लग्न केलं नाही, ती वेगळी कथा आहे आणि कंटाळवाणी आहे. चाळीत आम्ही कोण हे सांगावं लागत नसे, सगळी ओळच आमची होती. इथे आल्या आल्या तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "तुम्ही कोण म्हणायच्या?" मी म्हटलं, "साताऱ्याकडचे." काकूंना हवं होतं ते उत्तर हे नव्हतं हे त्यांनाही कळलं आणि मलाही. पण आमचं आडनाव असं आहे की दोन्हीकडे खपतं, त्यामुळे त्यांनी मला आपल्यात धरून टाकलं. मी धरू दिलं.

बुद्धमूर्ती हॉलमध्ये ठेवली. ती ठेवायला काही हरकत नसते. या कॉम्प्लेक्समध्ये निम्म्या घरांत बुद्ध आहे, कारंजाजवळ नाहीतर मनी प्लांटशेजारी, मन शांत राहतं म्हणतात. दुसरा फोटो, निळा कोट आणि हातात पुस्तक असलेला, तो मी आत बाबांच्या खोलीत लावला. हॉलमध्ये प्रकाश थेट पडतो, फोटोचा रंग उडतो, असं कारण मी बाबांना दिलं. बाबांनी फोटोकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि खिळा ठोकायला हातोडी आणून दिली. प्रकाश कुठून कुठे पडतो हे त्या माणसानं आयुष्यभर सूत धरून मोजलेलं आहे.

तर या बाबांना त्या पक्ष्याचा नाद लागला. ठरावाचं कळलं त्या दिवशी म्हणाले, "आधी हा कोण होता ते तरी बघू. जॉब न बघता रिजेक्ट करायची पद्धत नाही." टूलरूममध्ये तपासायला आलेल्या नगाला जॉब म्हणतात. मग रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की चहा व्हायचा आणि मला मोबाइलवरचं इंग्रजी वाचून त्याचं मराठी करावं लागायचं. बाबा शंभर पानी वहीत लिहून घ्यायचे. पहिल्या पानावर त्यांनी फिटरच्या सवयीनं मापं लिहिली: उंची साधारण एक मीटर, चोच टोकाला वाकडी, पंख नावापुरते.

मला वाटलं होतं चार दिवसांचा खेळ आहे. पण रोज काहीतरी निघायचं. मॉरिशसचं बेट. फार पूर्वी कबुतराच्या जातीचा कुठलासा पक्षी उडत तिथे पोहोचला आणि पाहतो तो काय, मांजर नाही, कोल्हा नाही, मागे लागणारं चार पायांचं कुणी नाही. फळं खाली पडलेली. मग उडायचं कशाला? हळूहळू पंख आखडले आणि अंग वाढलं. निवृत्तीनंतर बदलापूरला बंगला बांधणाऱ्यांचं होतं तसंच. त्याचा आजचा सर्वांत जवळचा नातेवाईक निकोबारला असतो, म्हणजे आपल्याच देशात, आणि तोही कबूतरच. हे कळल्यावर बाबा इतके हसले की चहा सांडला. "त्या आत्याबाईंना सांगू नकोस गं. पायाच खणून काढतील."

एका वेळी एकच अंडं, तेही जमिनीवर. पोटात दळायला दगड, कारण दात नाहीत. मग खलाशी आले. त्यांनी पक्षी मारले, खाल्ले आणि वर मांस चिवट आहे म्हणून तक्रारही लिहून ठेवली. पण खरा घात केला तो जहाजातून त्यांच्याबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. जमिनीवरचं एकुलतं एक अंडं त्यांना आयतंच मिळालं. माणूस पोहोचल्यानंतर शंभर वर्षंसुद्धा तो पक्षी टिकला नाही. विलायतेत एक पेंढा भरून ठेवलेला होता, तो कुजला. एक डोकं आणि एक पाय तेवढा उरला. सगळ्या जगाला ज्याचं नाव माहीत आहे त्याचं एक पूर्ण कातडंही कुणाकडे नाही.

आणि ते गुबगुबीत चित्र, ज्याच्यावर आत्याबाई भाळल्या, तेही धड खरं नाही. बहुतेक चित्रकारांनी जिवंत पक्षी पाहिलाच नव्हता. पहिल्यानं काढलं ते दुसऱ्यानं पाहून काढलं, दुसऱ्यानं थोडा जाड केला, तिसऱ्यानं आणखी. पण एक डोडो जहाजातून आपल्याकडे आला होता, आणि मुघल दरबारातल्या एका चित्रकारानं बहुधा तो समोर बसवून काढला. त्यातला बराच सडसडीत दिसतो. बाबांनी ते चित्र मोबाइलवर मोठं करून, चष्मा कपाळावर चढवून कितीतरी वेळ पाहिलं. "ह्यानं जॉब बघून काढलंय. बाकीच्यांनी एकमेकांचं ड्रॉइंग बघून काढलंय. म्हणून चुकत गेलं."

इथपर्यंत मी मजेत होते. एका बुधवारी नावाचा विषय निघाला आणि माझी मजा संपली.

डोडो हे नाव खलाशांनी ठेवलं. त्याचा अर्थ काय यावर पंडितांचं एकमत नाही. एक म्हणतो आळशी, एक म्हणतो मूर्ख, आणि तिसरा जे म्हणतो ते वडिलांना वाचून दाखवण्यासारखं नसल्यामुळे मी गाळलं. पुढे सगळ्या प्राणिमात्रांना शास्त्रीय नावं वाटत बसलेल्या एका मोठ्या विद्वानानं त्या पक्ष्याला जे लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थ काहीसा अकुशल, बिनकामाचा असा होता. ते नाव नंतर मागे पडलं. हे मी वाचलं आणि बाबांचं पेन थांबलं.

"कुणी म्हटलं अकुशल?"

"एका शास्त्रज्ञानं. फार जुनी गोष्ट आहे बाबा."

"त्यानं बघितला होता?"

"नाही. तोवर संपले होते."

"म्हणजे ज्यानं खाल्लं त्यानं येडा म्हणायचं, आणि ज्यानं बघितलंच नाही त्यानं रजिस्टरला अकुशल लिहायचं." वही मिटून ते म्हणाले, "पळाला नाही म्हणून येडा. घरी आलेल्या पाव्हण्याला बघून कोण पळतं का गं?"

मग त्यांनी आजोबांचं काढलं. आजोबांचं पहिलं नाव मला माहीत होतं. ते कचऱ्यावरून ठेवलेलं होतं. मूल जगावं, नजर लागू नये म्हणून तसं ठेवलं, असं घरात सांगायचे. चांगलं नाव ठेवलेलं गावानं चालवून घेतलं नसतं, हे कुणी सांगायचं नाही. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा आजोबांनी नवं नाव घेतलं, स्वतः निवडून. पण ते ज्या कारखान्यात होते तिथल्या बाबूनं सांगितलं की रेकॉर्डमध्ये बदल होत नाही. त्यामुळे गेटवर रोज सकाळी जुन्याच नावानं पुकारा व्हायचा, आणि नावापुढच्या रकान्यात लिहिलेलं असायचं: अकुशल. मशीनच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय हे तो अकुशल माणूस सांगायचा आणि साहेब लोक वहीत टिपून घ्यायचे. बाबांना पहिली नोकरी लागली तेव्हा ते नेमणुकीचं पत्र दाखवायला सकाळीच त्या गेटवर गेले होते. त्यांच्यासमोर तो पुकारा झाला आणि आजोबा मोठ्यानं म्हणाले, "हजर!"

"मला त्या दिवशी बापाचा राग आला," बाबा म्हणाले. "पुकारणाऱ्याचा नाही आला बघ. हजर म्हणणाऱ्याचा आला. ते मला अजून टोचतं." मग त्यांनी जाहीर केलं, "मी सभेत बोलणार. नाव बदलायचं नाही. नाव वाईट नाही, ठेवणारे वाईट. खाली एक बोर्ड लावू, त्याच्यावर पक्ष्याची खरी माहिती लिहू. आणि हे आपल्या आबांचं पण सांगतो. त्याशिवाय लोकांना कळायचं नाही."

मी चहाचे कप उचलून आत गेले. सिंकपाशी उभी राहिले. मला पक्षी दिसत नव्हता, आजोबा दिसत नव्हते. मला तळमजल्यावरच्या काकूंचा चेहरा दिसत होता. त्या भरसभेत 'छप्पन्न साली' हे दोन शब्द ऐकतील आणि माझ्याकडे वळून पाहतील. मग संक्रांतीचं वाण येईल का, येईल तर कुठल्या ताटलीतून येईल, याचा हिशोब मी नळ सोडून करत राहिले. दिवसभर ऑफिसात लोकांना वाक्यावाक्यात टोचणारी मी, इतकी भित्री आहे हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं असं नाही. ते मला आधीपासून ठाऊक होतं.

सभा रविवारी सकाळी दहाला, पार्किंगमध्ये. नोटीस मीच काढली, मीच वाटली आणि आमच्या घरची मीच कपाटात ठेवली. बाबांना सांगितलं, चार वाजता आहे. दहाला सुरू झालेली सभा अकरापर्यंत संपते, चारला म्हणायचं की लोक आधीच जमले, उरकून टाकली. मोठा कट होता. सेक्रेटरीला शोभेल असा.

बाबांनी शनिवारी शर्टाला इस्त्री केली. रविवारी साडेनवाला मी "भाजी आणते" म्हणून खाली उतरले. सव्वादहाला चेअरमन मागचं इतिवृत्त वाचत असताना लिफ्टचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात वही. खिडकीतून त्यांना खुर्च्या दिसल्या असणार. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "आमचं घड्याळ मागं पडलं वाटतं." आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

विषय आला. चेअरमननी फ्लेमिंगोचे गुण गायले. मी माझा मसुदा वाचला. सामाजिक प्रतिष्ठेपाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग चेअरमन म्हणाले, "कोणाला काय बोलायचं असेल तर बोला, फटाफट." बाबा उठले.

ते चांगलं बोलले. मला तसं वाटू नये असं वाटत होतं, पण बोलले. बेट, कबूतर, एकच अंडं, पोटातले दगड, सगळं. कबुतराच्या गोष्टीला सगळे खदखदून हसले आणि तळमजल्यावरच्या काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मग बाबा खलाशांवर आले, नावावर आले. म्हणाले, "ज्यांनी त्याला खाल्लं त्यांनीच त्याला येडा ठरवला. आणि आपण त्यांचं ऐकून ह्याला घराबाहेर काढतोय."  आता विषय पक्ष्यावरून आजोबांवर सरकणार हे मला दिसत होतं. बाबांनी वहीचं पान उलटलं.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी, ज्यांच्या मुलीचं लग्न मोडलं होतं त्यांनी, विचारलं. रागानं नाही, खरंच कळून घ्यायचं म्हणून विचारलं. "पण काका, एका पक्ष्याचं तुम्हाला एवढं का लागलं?"

याच प्रश्नासाठी त्यांनी इस्त्री केली होती. उत्तर पुढच्या पानावर होतं. त्यांनी मान वर केली आणि सगळ्या खुर्च्यांवरून थेट माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला विचारलं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. आणि मी मान हलवली. अगदी थोडीशी. नको.

बाबांनी वही मिटली.

"काही नाही," ते म्हणाले. "घरी बसून वेळ जात नाही. सहज वाचलं होतं."

लोक प्रेमानं हसले. चेअरमन म्हणाले, "काका, एकदम फर्स्ट क्लास नॉलेज. आता ठराव टाकू या? बाजूनं असतील त्यांनी हात वर करा." भराभर हात वर गेले. माझा एक पेन धरलेला हात आधीच अर्धा वर होता, तो मी पूर्ण वर केला. चेअरमन रांगेरांगेनं मोजत मागे गेले आणि शेवटच्या रांगेपाशी थांबले, कारण तिथे एकच हात खाली होता. सगळे मागे वळून पाहू लागले. आता हा म्हातारा एकटाच का अडून बसलाय, असं कुणीतरी विचारणार होतं, आणि बाबांना ते कळलं.

त्यांनी हात वर केला. माझ्याकडे न पाहता, सरळ, खांद्यापासून ताठ.

मी मान खाली घालून लिहिलं: ठरावाच्या विरोधात कोणी नाही. सर्वानुमते मंजूर.